एरंडेल आणि सात मिनिटं

श्रावण लागला की आमच्या गल्लीतल्या वाण्याकडे एरंडेल मिळेनासं होतं. अमरावतीत जितक्या गल्ल्या तितके आखाडे, जितके आखाडे तितके मल्लखांब, आणि नागपंचमीच्या आधी प्रत्येक खांबाला पोटभर तेल पाजायचं असतं. "बाई, खांबानं पेलं सारं," म्हणून वाणी हात वर करतो. ज्यांच्या पोटात ते खरं जायला हवं ती गल्लीतली पोरं त्यामुळे पंधरा-वीस दिवस निर्धास्त हिंडतात. आज सकाळीही मी बाटली घेऊन गेले आणि रिकामीच घेऊन परतले. येताना आखाड्यातून तो जाड, चिकट वास आला आणि मी रस्त्यात उभी राहून एकटीच हसले. समोरच्या फाटकातून शेजारीण पाहत होती. तिनं काळजीनं विचारलं, "काहून हो, बरं वाटून नाई राहिलं का?"

तिला काय सांगणार? लोकांना श्रावणात झोके आठवतात, माहेर आठवतं, पुरणाची दिंडं आठवतात. मला आठवतं ते सातासमुद्रापलीकडचं एक भलंमोठं सभागृह, त्यात जमलेले डझनभर देशांचे कसरतपटू, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये फेटा बांधून उभे असलेले आमचे दौलतराव. विलायतेला जाऊन आलेल्या बाईनं राजवाडे पाहिले असतील, पूल पाहिले असतील, असं बायकांना वाटतं. त्या हौसेनं विचारतात आणि मी सांगते, मल्लखांब पाहिला. मग त्या एकमेकींकडे पाहतात. आपल्या गल्लीतला खांब पाहायला ही बाई बोटीत बसून गेली!

पण गोष्ट खरी आहे. आखाड्यात बायकांना मज्जाव होता, आणि आखाड्याची भिंत आमच्या माडीच्या खिडकीपेक्षा हातभर उंच होती. भिंतीवर दिसायचं ते खांबाचं फक्त बोंड, म्हणजे अगदी वरचा गोल गोळा. त्या गोळ्यावर अधूनमधून माणसं उगवायची, तीही बहुतेक उलटी. लग्न होऊन अमरावतीला आले त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात मी गावातले अर्धे गडी तळव्यांवरून ओळखायला शिकले होते. किसनचे तळवे तर मला त्याच्या चेहऱ्याच्या आधी ठाऊक होते. किसन आमच्या अकोल्याचा, तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायचा आणि दर शनिवारी गाडीनं अमरावतीला येऊन खांबावर चढायचा. माहेरचा माणूस म्हणून त्याचे तळवे मला इतरांपेक्षा देखणे वाटत, हेही कबूल करून टाकते.

तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. युरोपात पार उत्तरेकडच्या एका शहरात कसरतींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार असल्याची बातमी आमच्या आखाड्यापर्यंत पोचली, आणि आखाड्यानं पत्र धाडलं की आमच्याकडे मल्लखांब म्हणून एक प्रकार आहे, तो घेऊन येऊ का? उत्तर आलं की हा प्रकार स्पर्धेत बसत नाही, मात्र शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिकासाठी तुम्हाला सात मिनिटं देता येतील. आमच्या सहा जणांनी स्पर्धेतल्या बाकीच्या प्रकारांतही नावं दिली होती. त्यांचा नंबर कितवा आला ते मी सांगणार नाही. मागून मोजलात तर लवकर सापडेल.

दौलतरावांना मात्र त्या नंबरांशी कर्तव्य नव्हतं. त्यांना सात मिनिटं हवी होती. दौलतराव अंजनगाव सुर्जीचे माळी, तिकडे त्यांचा पानमळा. मळा भावावर सोपवून ते वर्षाचे आठ महिने आमच्या आखाड्यात वस्तादकी करत. पन्नाशीला आले होते, पण पाठ सरळ आणि बोलणं त्याहून सरळ. "माह्या वस्तादानं मरताना मले एकच गोष्ट सांगतली," ते म्हणायचे. "दौलत, हा खांब दुनियेनं पाहाले पायजे. थो बिचारा सोता बडनेऱ्याच्या पलीकडे गेला नाई." हे सांगताना दर वेळी त्यांचा आवाज बसायचा, आणि मग ते कुणावर तरी उगाच ओरडायचे.

पथकाचे प्रमुख म्हणून आमच्या ह्यांची निवड झाली. हे वकील, इंग्रजी फर्डं, आणि व्यायामाशी कधीच संबंध न आल्यामुळे कुठल्याच गटाचे नाहीत. अडचण एकच होती, ह्यांचं पोट. वरणभाताखेरीज त्याला काही चालत नसे. सासरे भिक्षुकी करणारे. समुद्र ओलांडणं म्हणजे प्रायश्चित्त, असं त्यांनी बजावलं. तेव्हा सासूबाईंनी निकाल दिला, "प्रायश्चित्ताचं मी पाहते. तिकडे ह्याला वरण कोण करून घालेल ते तुम्ही पाहा." अशी मी निघाले. पथकात मात्र मला जागा नव्हती. दौलतरावांनी पदराच्या टोकाकडे पाहत, म्हणजे माझ्याकडे न पाहता, सांगितलं, "वैनी, आखाड्यात बाई चालत नाई. तुमी पाहाले म्हून चला." त्यामुळे माझ्या कागदपत्रांवर ह्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, प्रेक्षक. आठ माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक करणारी प्रेक्षक.

खांब सेमाडोहच्या जंगलातल्या सागवानाचा होता. बोटीवर त्याला दमट हवा लागू नये म्हणून दौलतरावांनी माझ्या दोन गोधड्या मागून घेतल्या, त्यात तो नखशिखान्त गुंडाळला, दोरीनं बांधला आणि डेकच्या कोपऱ्यात आडवा ठेवला. रोज सकाळी ते त्याच्यापुढे उदबत्ती लावून हात जोडत. जाणारे-येणारे खलाशी तिथं आले की टोपी काढायचे. आम्हाला वाटलं, किती सुसंस्कृत लोक! चौथ्या दिवशी कप्तानानं ह्यांना बाजूला बोलावून हळूच विचारलं, की ते गृहस्थ केव्हा वारले?

स्पर्धेच्या कचेरीत आणखी निराळीच गंमत. तिथल्या कारकुनानं विचारलं, तुमचा प्रांत कुठला? हे म्हणाले, वऱ्हाड. आता एवढ्यावर थांबावं की नाही? पण वकिलाला अर्धं खरं सांगवत नाही. मुलूख मुळात निजामाचा, कारभार इंग्रजांचा, जोडलाय मध्यप्रांताला, आणि तरी मध्यप्रांत नव्हे, हे सगळं ह्यांनी त्याला कलमवार समजावलं. पाठीमागे चार देशांची रांग लागली. कारकुनानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, टाक उचलला आणि नुसतं हिंदुस्थान लिहिलं.

सभागृहात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा आमच्या कापसाच्या जिनिंगची सहा-सात शेडं त्यात मावतील असं वाटलं. दौलतरावांनी सवयीनं खाली वाकून माती कपाळाला लावायला बोटं टेकवली. खाली गुळगुळीत लाकूड. बोटांना काही म्हणता काही लागलं नाही. ते कितीतरी वेळ आपली स्वच्छ बोटं पाहत राहिले आणि मग म्हणाले, "माती नाई तं हे पोट्टे पडतात कशावर?" किसननं गाद्या दाखवल्या. "पडायची सोय आधीच करून ठेवली म्हना!" ते म्हणाले, आणि त्यांना त्या लोकांची थोडी कीव आली.

मला मात्र सगळंच आवडलं. पहिल्याच रांगेत कठड्याला लागून जागा मिळाली होती. भिंतीआडून नऊ वर्षं डोकावलेल्या बाईला समोर काही आडवं नाही याचंच अप्रूप. चार कोपऱ्यांत चार परीक्षक बसलेले, काळे कोट, मांडीवर वही. चेहरे अगदी मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसारखे, म्हणजे आवडलं तरी दाखवायचं नाही. अशाच चेहऱ्यांपुढून मी स्वतः पाच वेळा चहा घेऊन गेलेली, त्यामुळे प्रत्येक खेळाडूबद्दल माझा जीव तुटायचा. बिचारा हवेत दोन कोलांट्या घेऊन खाली उतरायचा आणि पाऊल बोटभर सरकलं की चार पेन्सिली एकदम खरडायला लागायच्या. आमच्याकडे जो पडतो आणि धूळ झटकून पुन्हा चढतो त्याला टाळ्या जास्त मिळतात. इथे पाय हलला की संपलं.

आणि ती शांतता! हजारो माणसं बसलेली, पण कुणी खाकरतसुद्धा नाही. कसरत संपली, की टाळ्या, त्याही मोजून कापल्यासारख्या एकदम बंद. सुरुवातीला मला वाटलं, यांच्यात कुणी वारलं असेल. मग शेजारच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवून मला समजावलं. या बाई माझ्या दुप्पट रुंद, हातात छत्री, आणि पिशवीत न संपणाऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या. त्यांची भाषा मला येईना, माझी त्यांना. तरी आम्ही चार दिवस बोलत होतो. मी त्यांना आवळासुपारी दिली. त्यांनी ती तोंडात टाकली, डोळे मिटले आणि मग आणखी मागितली.

दुसऱ्या दिवशी बायकांचे संघ आले. तोकडे पांढरे कपडे, उघडे दंड, उघड्या पोटऱ्या. पहिली पाच मिनिटं कुठे पाहावं ते मला कळेना. नंतरचे दोन तास मी दुसरीकडे कुठे पाहिलंच नाही. चार बोटं रुंदीच्या लाकडावर एक मुलगी अशी चालली, वळली, वाकली, की मी आपल्या नऊवारीचा काठ मुठीत धरून बसले. पडली असती तर मीच पडले असते. आमचे हे मोठ्या एकाग्रतेनं कार्यक्रमपत्रिका वाचत होते. मी पाहिलं तर उलटी धरलेली.

ती मुलगी लाकडावर चालत होती तेव्हा मला अकोल्यातली मी आठवले. आठ-नऊ वर्षांची असताना परसातल्या हौदाच्या कठड्यावरून मीही अशीच चालायची. मग एक दिवस आईनं हाताला धरून खाली उतरवलं आणि सांगितलं, आता पुरे. त्या दिवसानंतर पुन्हा चढले नाही. याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं; त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, आणि शेजारच्या बाईंनी न विचारता एक पेपरमिंट माझ्या हातावर ठेवली.

आता एरंडेलाकडे येते. तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी दौलतराव आमच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात आले. सभागृहाच्या पाठीमागेच आमची उतरण्याची सोय होती. हातात तेलाची मोठी बाटली. "वैनी, येवढं कोमट करून द्या. इकडच्या थंडीनं आवळून बसलं." मी करून दिलं. विचारलं नाही, कारण तेल खांबाला लागतं एवढं मलाही ठाऊक होतं. खांबाला मात्र त्यांनी आदल्या दिवशीच तेल लावलं होतं. हे तेल होतं बाकीच्यांसाठी. दोन दिवस त्यांनी पाहिलं होतं की एवढे मोठमोठे देश, पण त्यांच्या डबलबारला, सिंगलबारला कुणी तेलाचं बोट लावत नाही, कुणी पाया पडत नाही, कोरड्या साहित्यावर तसेच चढतात. आणि आखाड्याचा नियम असा, की सकाळी जो पहिला येईल त्यानं सगळ्यांच्या वाटचं तेल लावायचं. सगळ्या देशांत पहिले आले होते दौलतराव. त्यांनी गुडघे टेकून, मनोभावे, दोन्ही बारांना टोकापासून टोकापर्यंत तेल चोळलं.

पहिला गडी यजमान देशाचाच होता. उंच, सोनेरी केसांचा, दरवाजाएवढी छाती. त्यानं हाताला पांढरी पूड लावली. दौलतराव किसनच्या कानात कौतुकानं म्हणाले, "पाह्य रे, भस्म तं लावतात!" गड्यानं परीक्षकांना सलाम केला, उडी मारून डबलबार धरला, आणि तो गादीवर बसलेला दिसला. मधलं काही कुणाला दिसलंच नाही. त्यानं आपले तळवे पाहिले, उठला, पुन्हा उडी मारली, पुन्हा बसला. एक परीक्षक उठून आला. त्यानं बारवरून बोट फिरवलं, हुंगलं, रुमालानं पुसलं आणि पुन्हा हुंगलं. तेवढ्यात तो वास कठड्यापर्यंत पोचला, आणि सकाळी आपणच कोमट करून दिलेली बाटली मला आठवली.

खाली गलका सुरू झाला. आदल्या संध्याकाळी त्या बारवर शेवटचा सराव शेजारच्या देशाच्या संघानं केला होता. त्यांच्यातला एक तरुण पुढे होऊन हातवारे करत होता की मी नाही, आणि यजमानांचे गडी त्याच्याकडे बांध कोरणाऱ्या भाऊबंदाकडे पाहावं तसे पाहत होते. दौलतरावांना काहीच उमगेना. आपल्याला कुणी बरं म्हणायला येतंय का, म्हणून ते फेटा सारखा करून उभे होते. ह्यांनी खाली धावत जाऊन त्यांना काय झालं ते सांगितलं आणि, हे मला किसनकडून मागाहून कळलं, दबक्या आवाजात म्हणाले, "दौलतराव, एक शब्द बोलू नका. कुणी पाहिलेलं नाही. पुरावा नाही."

"पुरावा कायले पायजे? म्या लावलं न."

"अहो, आपली सात मिनिटं जातील!"

वरून मला दौलतरावांचा फक्त फेटा दिसत होता, आणि तो खाली झुकला. एवढ्यासाठी सागवान समुद्रापार आणलेला. एवढ्यासाठी त्यांचा वस्ताद आस लावून मेलेला. मग त्यांनी मान वर केली. "गेली तं जाऊ द्या, वकीलसाहेब. थे पोट्टं फुकट बदनाम होऊन राहिलं," असं म्हणून ते हात जोडत सरळ मध्यभागी जाऊन उभे राहिले. ह्यांना मागोमाग जावंच लागलं. मी ह्यांना कोर्टात कधी पाहिलेलं नाही, पण त्या दिवशी ते जे बोलले तसं कोर्टात बोलत असतील तर आमचा संसार अधिक बरा चालायला हवा होता. साहित्य हा आमचा देव आहे, तेल हा त्याचा मान आहे, आणि या माणसानं तो मान आपल्या देवाबरोबर तुमच्याही देवाला दिला, असं त्यांनी सांगितलं.

पांढऱ्या मिशांचे मुख्य अधिकारी सगळं ऐकून घेऊन म्हणाले की भावना कळली, पण आता हे निघणार कसं? फडक्यांनी पुसून पुसून त्यांच्या माणसांनी तेल दुप्पट पसरवलं होतं. तासाभरात बार स्वच्छ झाले नाहीत तर आजचा कार्यक्रम उद्यावर जाणार, आणि उद्याचं काही कापायचं तर स्पर्धेबाहेरचं तेवढंच कापता येईल. म्हणजे आमची सात मिनिटं.

एरंडेल कशानं निघतं हे त्या अख्ख्या सभागृहात एकाच माणसाला ठाऊक होतं. जन्मभर दर आठवड्याला स्वतःच्या केसांचं आणि घरातल्या पोरांच्या डोक्याचं तेल जी काढत आली तिला. मी कठड्यावरून वाकून ओरडले, "अहो, बेसन!" ह्यांना वाटलं मी भजी तळायची परवानगी मागतेय. उत्तराची वाट न पाहता मी धावत बिऱ्हाडी गेले, बेसनाचा डबा उचलला, शिकेकाईची पुरचुंडी उचलली आणि परत आले. आणि रिंगणाच्या कडेला येऊन थबकले. लाकडावर एक पांढरी रेघ होती, बाकी काही नाही. पण पाय उचलेना. पलीकडे वस्ताद उभे होते.

दौलतरावांनी माझ्याकडे पाहिलं. पदराकडे नव्हे, माझ्याकडे. मग डब्याकडे पाहिलं. "वैनी, आता पाहून काय राहिल्या?" ते म्हणाले. "या आत."

मी चपला काढल्या आणि आत गेले. पुढचा पाऊण तास माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही. कोरडं बेसन चोळायचं, तेल पिऊन त्याच्या वळ्या निघाल्या की झटकायच्या, पुन्हा चोळायचं, मग गरम पाण्यात शिकेकाई कालवून धुवायचं, मग कोरडं करायचं. आमच्या सहा पोरांना मी कामाला लावलं. ते पाहून यजमानांचे गडी आले, मग ज्याच्यावर आळ आला होता तो तरुण आला, आणि आदल्या दिवशीची लाकडावर चालणारी ती मुलगी बाह्या नसल्यामुळे न सरसावताच माझ्या शेजारी येऊन बसली. भाषा कुणालाच येत नव्हती. मी सरळ अकोल्याच्या भाषेत हुकूम सोडत होते, "थो कोपरा राहिला न बाप्पा, जोर लाव!" आणि सोनेरी केसांचा गडी जोर लावत होता. चारही परीक्षक वाकून पाहत होते. एकानं चिमूटभर बेसन जिभेवर ठेवलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. किती गुण दिले कोण जाणे.

बार लख्ख झाले. सोनेरी गड्यानं उडी मारून धरला, झुलला, हसला, आणि खाली उतरून दौलतरावांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. दंड एवढाच झाला की गेलेला वेळ भरून काढायला सातांची चार मिनिटं झाली. घंटा वाजली की खेळ जिथे असेल तिथे थांबला पाहिजे. प्रेक्षकांची शिस्त मोडेल असा आवाज पथकानं करायचा नाही, हेही ह्यांनी लिहून दिलं. दौलतराव त्या रात्री जेवताना बोटांवर मोजत होते, चार मिनिटांत काय बसेल आणि काय नाही. पोरं वेगळ्याच दुःखात होती. बेसन संपलं होतं, आणि आता अमरावती येईपर्यंत झुणका नव्हता.

आता दौलतराव अंजनगावलाच असतात. गुडघ्यांनी सूड उगवला, असं म्हणतात. दर श्रावणात मोटारीबरोबर पानांची एक करंडी माझ्या नावानं येते, ह्यांच्या नावानं नाही. हे पान खात नाहीत म्हणून असेल, पण मला ते मनापासून आवडतं. ती पानं लावताना मी कधी कधी विचार करते, की नुसतं पाहायला गेलेल्या माणसाचं काम नक्की काय असतं? जागा अडवणं, टाळ्या वाजवणं, घरी येऊन फुशारक्या मारणं. मीही एवढंच करायला गेले होते.

तर स्पर्धेचा शेवटचा दिवस आला. सभागृहाच्या मधोमध खांब उभा राहिला आणि मी तो पहिल्यांदा आख्खा पाहिला. खाली जाड अंग, वर निमुळती होत गेलेली मान, आणि त्यावर माझं ओळखीचं बोंड. इतक्या वर्षांत कुणी मला सांगितलं नव्हतं की तो एवढा सुंदर असतो. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच राग आला, की आता काही दिसायचं नाही. पदरानं डोळे कोरडे केले. घंटा घेतलेला माणूस खांबापासून चार पावलांवर उभा होता.

किसननं खांबाला हात लावून कपाळाला नेला आणि तो चढला. पहिली पकड, उलटा, मग मांडीनं खांब आवळून दोन्ही हात सोडलेला. सभागृहात चिडीचूप. मला ती शांतता चार दिवसांत सवयीची झाली होती, पण किसनचं आयुष्य नागपंचमीच्या गर्दीत गेलेलं. आमच्याकडचा रिवाज असा, की लोक आरोळ्या देतात तोवर गड्यानं खांब सोडायचा नाही, आणि आरोळ्या थांबल्या की समजायचं, लोकांचं मन भरलं, आता उतरा. इथे तर सुरूच झाल्या नव्हत्या. किसननं आणखी एक पकड केली. मग थांबून खाली पाहिलं. मला त्याचा चेहरा स्पष्ट दिसला. शाळेत फळ्यावर चित्र काढून मागे वळावं आणि वर्ग रिकामा असावा, तसा. त्याचे हात सैल पडले. तो हळूहळू खाली सरकायला लागला.

अजून दीड मिनिटही झालं नव्हतं. पथकाच्या वतीनं लिहून दिलेलं, म्हणून पोरं ओठ आवळून रांगेत उभी. शिकवणाऱ्यानं भर मैदानात शाबासकी द्यायची नाही हा वस्तादांचा जुना कायदा, त्यामुळे दौलतरावांचे ओठ नुसते हलत होते. किसन खांबाच्या निम्म्यावर आला.

माझ्या कागदपत्रांवर प्रेक्षक लिहिलं होतं. मी काहीच लिहून दिलं नव्हतं. मी उठून उभी राहिले आणि तोंड उघडलं.

"वा रे माह्या वाघा! उतरतं कायले? चढ!"

आवाज छताला लागून परत आला. ह्यांनी माझा पदर ओढला, "अगं, खाली बस, खाली बस!" मी दुसरी आरोळी दिली. शेजारच्या छत्रीवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आवळासुपारी गिळली, छत्री उगारून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भाषेत अशा काही गरजल्या की पदर ह्यांच्या हातून सुटला. मग पलीकडची रांग उठली. सोनेरी गडी, आळ आलेला तरुण, लाकडावरची मुलगी, सगळे "चढ! चढ!" करायला लागले, अर्थ न कळता, पण उच्चार अगदी अकोल्याचा. शेवटी माझ्या डाव्या कानाशी एक भसाडा आवाज फुटला, "शाब्बास रे किसन!" ते आमचे हे होते.

किसन निम्म्यावर थांबला. त्यानं वर पाहिलं, हसला, आणि जो सरसर चढला तो बोंडावर पोट टेकवून हातपाय पसरून मोरासारखा स्थिर झाला. मग एका पायावर उभा राहिला. मग उलटा. जे सात मिनिटांचं होतं ते त्यानं सगळं केलं, आणि सातात जे बसलं नसतं तेही केलं. घंटा घेतलेल्या माणसाकडे मी धास्तीनं पाहिलं. तो टाळ्या वाजवत होता. घंटा त्यानं काखेत घट्ट दाबून धरली होती.

दौलतराव कठड्यापाशी आले. फेट्याचा शेव डोळ्यांना लावलेला, गाल ओले, आणि आवाज नेहमीसारखा बसलेला.

"वैनी, आता पुरे करा," ते म्हणाले. "तुमी आरोया देऊन राहिल्या तोवर थे पोट्टं काई खाली येत नाई. थकलं असन बिचारं."

मी काही थांबले नाही.